मॅट कोणी पुसायची

माझ्या मुलीला कुस्ती शिकवणारी बाई जगज्जेती आहे, हे लोकांना सांगणं मी आता सोडून दिलंय. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ऑलिंपिक मेडल आहे का?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू मी हापूस सांगून रायवळ दिलाय. "अच्छा, म्हणजे तशी वर्ल्ड चॅम्पियन." तशी म्हणजे कशी, हे मी एकदोनदा विचारून पाहिलं. हे विचारणारे सगळे माझ्यासारखेच, दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारे आणि स्टेशनचा जिना चढताना धापा टाकणारे लोक. पण जगात पहिली आलेल्या बाईला "तशी" म्हणायला त्यांची जीभ अडखळत नाही.

इथे जर्मनीत मराठी मंडळाच्या महिला दिनाला तिला पाहुणी म्हणून बोलवा, असं मीच सुचवलं होतं. निवेदिकेने माइकवरून "चायनाच्या कराटे चॅम्पियन" अशी ओळख करून दिली. मी पहिल्या रांगेतून ओरडले, "जपान! आणि कुस्ती!" निवेदिका गोड हसून म्हणाली, "तेच ते," आणि टाळ्या पडल्या. तिला एक कुंडी आणि पैठणीच्या कापडाची पर्स देण्यात आली. तिला मराठी कळत नव्हतं म्हणून ती सुटली. मला कळत होतं.

राग माझ्या नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, तुला रागवायला कारण लागत नाही. पण या बाबतीत मला भरपूर कारण होतं, आणि ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहिते आहे.

मी नोकरी करते वाल्डॉर्फला, आणि राहते तिथून जवळच्या एका छोट्या गावात. गावात एक चर्च आहे, दोन बेकऱ्या आहेत आणि कुस्तीचा फेराइन आहे, म्हणजे क्लब. बाडेनच्या या पट्ट्यात कुस्ती फार जुनी. शनिवारी संध्याकाळी पुरुषांच्या लीगच्या लढती असल्या की म्हातारेकोतारे बिअर घेऊन हॉलमध्ये बसतात आणि पंचांना शिव्या घालतात. इथे घर घेतलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कोल्हापूर सोडून इतक्या लांब आले आणि गल्लीच्या टोकाला पुन्हा कुस्तीच.

मुलगी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर ती एकदा फेराइनमध्ये जाऊन आली आणि मला म्हणाली, "मामा, मला तिथेच जायचंय. बॅले नको." इथे मामा म्हणजे आई. मी हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. का घेतला नाही ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले तेव्हा हॉलमध्ये एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई अनवाणी पायांनी मॅट पुसत होती. मोठी बादली, लांब दांड्याचा मॉप, जंतुनाशकाचा वास. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जायची, वळायची, परत यायची. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या बापाने तिला हाक मारून विचारलं की कचऱ्याच्या नव्या पिशव्या कुठे असतात. तिने मॉप ठेवला, आतून पिशवी आणून दिली आणि पुन्हा पुसायला लागली. त्याने तिच्या कानांकडे पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. दोन्ही कान मोडलेले, सुजून गाठी झालेले. माझ्या वडिलांचे कान तसेच आहेत. असे कान मॅटवर किंवा मातीत डोकं घासूनच मिळतात, फरशी पुसून मिळत नाहीत.

पुसून झाल्यावर तिने केस बांधले, शिट्टी वाजवली, आणि मुली धावत तिच्याभोवती जमल्या. तो बाप पिशवी हातात धरून बघतच राहिला.

पुढे बाकावर बसून तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. तिचं जर्मन मोडकं, माझंही तसंच. दोघींकडे शब्द सारखेच कमी, त्यामुळे आमचं छान जमायचं. तिचे वडील समुद्राकाठच्या एका लहान गावात शाळामास्तर होते आणि त्यांनी गोदामात जुनी मॅट टाकून कुस्तीचा वर्ग काढला होता. मोठे भाऊ तिथे जायचे. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून हिलाही न्यायचे. शाळेत जायच्या आधी ती पट काढायला शिकली, म्हणजे समोरच्याच्या पायात झेप घेऊन त्याला खाली आणायला. पुढे भावांनी कुस्ती सोडली, हिने नाही सोडली. घर सोडून वसतिगृह, पहाटे पळणं, दिवसातून दोनदा मॅट, गुडघ्याचं ऑपरेशन, पुन्हा मॅट. विशीत ती जगज्जेती झाली, आणि एकदाच झाली असं नाही.

मग ऑलिंपिक का नाही? तर मुलींच्या कुस्तीत जागतिक स्पर्धेला जेवढे वजनगट असतात तेवढे ऑलिंपिकला नसतात. मधले गट गाळलेले असतात. तिचा गट गाळलेल्यांतला. जगात तिच्या वजनाच्या सगळ्या बायकांना तिने हरवलं होतं, पण ऑलिंपिकच्या हिशेबात त्या वजनाची बाई नसतेच. मग तिने काय करायचं? एक तर खाऊन खाऊन वरच्या गटात जायचं, नाही तर उपाशी राहून खालच्या. ती आधी वर गेली. तिथे तिच्याच देशाची दुसरी जगज्जेती बसलेली. निवड चाचणीत हरली. पुढच्या खेपेला खाली गेली. पाणीसुद्धा मोजून प्यायली, थुंकून थुंकून वजन उतरवलं, आणि चाचणीच्या शेवटच्या लढतीत एका गुणाने हरली. शेवटच्या काही सेकंदांत पाय हलेचनात, असं ती म्हणाली.

"मग तू भांडलीस की नाही?" मी विचारलं.

"कोणाशी?" ती म्हणाली.

हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. ते गट कोण ठरवतं, कुठल्या टेबलाभोवती बसून, आणि त्यांच्यापैकी कितीजणांनी आयुष्यात एकदा तरी उपाशीपोटी कुस्ती खेळली आहे, हे मला अजून जाणून घ्यायचंय. तिने कुस्ती सोडली, एका जर्मन इंजिनियरशी लग्न केलं, आणि आमच्या गावात येऊन शनिवारी सकाळी मुलींना शिकवायला लागली. मेडलं कुठे ठेवलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, स्वयंपाकघराच्या खणात, जुन्या चार्जरच्या वायरींबरोबर.

मॅट ती पुसायची कारण शुक्रवारी संध्याकाळी तिथे पुरुषांचा सराव असायचा आणि ते घाम तसाच सोडून निघून जायचे. मुलींना गजकर्ण होऊ नये, एवढं साधं कारण. मुलींचा तास संपला की मुलीही तिच्याबरोबर मॅट पुसायच्या आणि मग शनिवारचे पुरुष आयत्या स्वच्छ मॅटवर येऊन लोळायचे. फेराइनच्या फोरश्टांडला, म्हणजे कार्यकारिणीला, हे फार आवडायचं. अध्यक्ष मोठ्या पोटाचे निवृत्त गृहस्थ, तरुणपणी कुस्ती केलेले. ते मला कौतुकाने म्हणाले होते, "जपानी लोकांना स्वच्छतेची आवडच असते. त्यांच्या संस्कृतीतच आहे ते." मी काही बोलले नाही, कारण जर्मनमध्ये भांडताना माझी क्रियापदं वेळेवर येत नाहीत. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझे वडील आले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. कोल्हापुरात आमच्या घराच्या भिंतीला लागून तालीम आहे आणि आबा तिचे वस्ताद. आयुष्यभर त्यांनी पोरं घडवली. आमच्या घराची घडी त्या तालमीवर बसवलेली होती. दूध तालमीसाठी तापायचं, बदाम तालमीसाठी भिजायचे, पाहुणे आले तरी तालमीची वेळ झाली की चहा अर्धा टाकून आबा उठायचे. आणि तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही. आत मारुती आहे, आणि हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, लाल माती पवित्र आहे. ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती माती मळतात. तिचा वास आमच्या परकरांनासुद्धा यायचा, पण हात लावायची सोय नव्हती.

मी दुधाची कासंडी घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची. मधल्या खोलीच्या खिडकीतून हौदा दिसायचा, तिथे मी तासन्‌तास उभी असायची. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, कलाजंग, सगळे डाव मला बघून बघून पाठ होते. एकदा उंबऱ्याशी दूध घ्यायला कोणी पोरगं आलं नाही, कासंडी धरून धरून हात भरून आला, म्हणून मी कासंडी आत ठेवायला गेले. एक पाय आत पडला. एकच. त्या संध्याकाळी आबांनी हौद्यात गोमूत्र शिंपडायला लावलं. मला कोणी मारलं नाही, कोणी रागावलंही नाही. नुसतं शिंपडलं. मी खिडकीतून बघत होते.

आता कळलं असेल, मुलीला हो म्हणायला मला क्षणही का लागला नाही.

आबांना मी विमानतळावरून येतानाच गाडीत सांगून टाकलं होतं की नात कुस्ती खेळते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "असू दे. इथं थंडी लई असती, अंग गरम ऱ्हातंय." पहिल्या शनिवारी हॉलमध्ये टोपी सारखी करत बाकावर बसले ते पाहुण्यासारखे. जपानी बाई मुलींना पट दाखवत होती. ती वाकली, आणि काय झालं ते कळायच्या आत समोरची मुलगी खाली आणि हिच्या काखेत तिचा पाय. आबा उठून उभे राहिले.

"अगं, ही तर आपला एकेरी पट काढतीया! काय चपळाई हाय बघ बाईच्यात!"

त्या दिवसापासून आबा शनिवारची वाट बघायला लागले. ते हातवारे करून तिला ढाक समजावायचे, ती त्यांना स्वतःची पकड दाखवायची. दोघांची भाषा एक नव्हती, तरी कोणाला काही विचारायला लागायचं नाही. ती पट म्हणायला शिकली. आबा तिचा गुडघा बघून हळहळले, दुखऱ्या पायाने कसं उतरायचं ते सांगितलं. ऑलिंपिकचं मी सांगितल्यावर एकटे आबाच खरे चिडले. "वजनाच्या काट्यावर पैलवान मारायचा व्हय? शरम वाटाय पायजे!" मला त्यांचा त्या क्षणी अभिमान वाटला. आणि लगेच, जाताना, त्यांनी तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो वस्ताद."

वस्ताद. एका बाईला. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. ज्या माणसाने माझ्या एका पायापायी गोमूत्र शिंपडलं, तो परदेशातल्या एका परक्या बाईला वस्ताद म्हणून हात जोडत होता. तिचं त्यात काहीच चुकलं नव्हतं, तिला तो मान मिळायलाच हवा होता. पण मग मी कोण होते? गाडीत बसताना मी दार दाणकन आपटलं. आबांना ते जाणवलंही नाही, ते नातीला लंगोटाचं महत्त्व सांगत होते.

त्यातच पुरुषांची टीम वरच्या लीगमध्ये गेली. आता त्यांना सरावाला जास्त वेळ हवा, आणि तो वेळ म्हणजे आमचा शनिवार सकाळचा तास. मुलींना रविवारी प्राथमिक शाळेच्या जिममध्ये पाठवायचं, असं फोरश्टांडच्या मनात आलं. तिथे कुस्तीची मॅट नाही, कोलांट्या मारायच्या पातळ निळ्या गाद्या आहेत. त्यांच्यावर पट काढायला गेलं तर गाद्या सरकतात आणि गुडघे फरशीवर आदळतात. आम्ही दोन-तीन आयांनी आवाज केला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आल्झो, तर मग, आम्ही येत्या शनिवारी येऊन मुलींचा सराव बघतो आणि मग ठरवतो."

मुलगी तो आठवडाभर नीट जेवली नाही. मॅट गेली तर अर्ध्या मुली सोडून जातील, हे तिला दिसत होतं. "मग मी कोणाशी लढणार?" ती विचारायची. बाईने मुलींना एवढंच सांगितलं, "नेहमीसारखं करा."

शनिवारी आम्ही लवकर पोचलो. पार्किंगमध्ये पुरुषांच्या टीमच्या गाड्या आधीच लागलेल्या होत्या आणि पोरं बॅगा घेऊन गप्पा मारत उभी होती. मला तेव्हाच संशय आला. बघून ठरवणार होते, तर ही मंडळी आत्ताच कशी आली?

बाईने मॅट पुसून ठेवली होती आणि ती बादली ओतायला मागे गेली होती. मुली कपडे बदलत होत्या. मी कॉफीच्या मशीनपाशी उभी होते. आबांनी बूट काढले, मोजे काढले, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि ते मॅटवर गेले. डब्यात हौद्यातली माती होती. कपड्यांच्या घड्यांत लपवून, विमानात घालून, मला न सांगता आणलेली. चांगल्या कामाला सुरुवात करताना आखाड्याच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध ती टाकायची, बजरंगबलीचं नाव घ्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. वस्तादाच्या आखाड्यावर संकट आलंय, मग माती नको का टाकायला? त्यांनी मूठमूठ माती टाकली. मॅट अजून ओली होती. लाल चिखल झाला आणि तो ओघळला.

नेमके तेव्हाच अध्यक्ष आणि फोरश्टांडचे आणखी दोघे दारातून आत आले.

"वास इस्ट दास?" अध्यक्ष म्हणाले. हे काय आहे?

मी धावत गेले. माती आहे, म्हटलं. आशीर्वादाची आहे, आमच्याकडची रीत आहे. एकजण फोन काढून मॅटचे फोटो घ्यायला लागला. मुली बाहेर येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. माझी मुलगी त्या लाल चिखलाकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आल्झो," अध्यक्ष म्हणाले, "हाच तर प्रश्न आहे. प्रत्येकजण आपापली संस्कृती घेऊन येतो आणि आरोग्याचे नियम राहतात बाजूला. आज आता बघण्यासारखं काही उरलं नाही. रविवारचंच ठरवू या." त्यांनी दाराकडे पाहून हात हलवला आणि पुरुषांची टीम बॅगा घेऊन आत यायला लागली. हात हलवायची तेवढी तयारी त्यांची आधीपासूनच होती. माती नसती तर दुसरं काहीतरी सापडलं असतं.

एवढ्यात बाई मागून आली. तिने मॅटकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग आत जाऊन दोन मॉप घेऊन आली. एक तिने आबांच्या हातात दिला.

आबांनी आयुष्यात कधी घरात केरसुणीला हात लावलेला नाही. ते मॉपकडे बघत राहिले. मग त्यांनी तो माझ्याकडे पुढे केला. "घे गं," ते म्हणाले. हुकूम नव्हता त्यात, राग नव्हता, काहीच नव्हतं. पाण्याचा पेला द्यावा तसा दिला. आणि मी, इतकी संतापलेली मी, हात पुढे केलाही होता.

बाईने माझं मनगट धरलं. जगज्जेतीची पकड काय असते ते मला तेव्हा कळलं. "नाइन, नाही," ती म्हणाली. "तू नाही. ते."

अध्यक्ष मध्ये पडले. "जाऊ दे, वयस्कर माणूस आहे, पाहुणा आहे. तुम्ही बायका पटकन कराल. आणि तुमच्या तर संस्कृतीतच आहे."

ती त्यांच्याकडे वळली. तिच्या मोडक्या जर्मनमध्ये तिने एकेक शब्द मोजून ठेवला. "माझ्या देशात जो लढतो, तो मॅट पुसतो. आता तुमची टीम लढणार." आणि दुसरा मॉप तिने त्यांच्यासमोर धरला.

ते हसले. "माझी पाठ दुखते हो," म्हणाले.

तिने मॉप त्यांच्या पायाशी आडवा ठेवला, मुलींना खूण केली आणि त्यांना घेऊन बाहेर हिरवळीवर गेली. पुरुषांच्या टीममधला एकही जण मॉप उचलायला पुढे आला नाही. सगळे फोनमध्ये बघत होते. आबा एकटे मॅट पुसत होते, आणि पुसता येत नसल्यामुळे चिखल आणखी पसरवत होते.

मग माझा तोल गेला. मराठीत गेला, म्हणून क्रियापदं वेळेवर आली. "पवित्र माती म्हणे! माझा एक पाय पडला तर गोमूत्र शिंपडलंत, आणि आज तीच माती माझ्या पोरीच्या मॅटवर? तिची मॅट घालवलीत तुम्ही, आबा! आणि वर मॉप मला देता?"

आबा खाली मान घालून मॉप ओढत राहिले. "तवा तसं हुतं गं," ते म्हणाले.

"तवा नाही, आबा. आत्ताही तसंच आहे. तुमच्या तालमीत आज एक तरी मुलगी आहे का?"

डबा बाकावर उघडा पडला होता. मी तळाशी उरलेल्या मातीत बोट घातलं. थंडगार होती, ताकाचा आंबूस वास येत होता, थोडी नखात गेली. माती होती. दुसरं काहीही नव्हतं तिच्यात. एवढ्यासाठी, मनात आलं, एवढ्यासाठी मी सगळं लहानपण खिडकीत उभी राहिले.

शनिवारचा तास गेला तो गेलाच. काही मुलींनी फेराइन सोडला. आबा ठरल्याप्रमाणे परत गेले. निघताना त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. मीही.

मग एका रविवारी शाळेच्या जिमबाहेर गाडी लावत होते तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज एकदम खुशीतला. तालमीत सगळ्यांना सांगितलं म्हणाले, जपानच्या जगज्जेतीनं माझ्या हातात पोछा दिला, अन्‌ मी पुसलं. हौद्याशेजारी आता मॅटही टाकलीय, ती पोरांनाच पुसायला लावतोय, म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणून विचारलं, "आणि मुली? मुलींना घेणार ना?"

"अगं, इथं मारुती हाय," आबा म्हणाले. "ते कसं चालंल?"

मी फोन बंद केला.

आत निळ्या गाद्या एकमेकींना लावून ठेवल्या होत्या आणि बाई गुडघ्यावर बसून त्या पुसत होती. त्या दिवशी एक मुलगी आली नव्हती. सगळ्या जोड्या लागल्या आणि माझी मुलगी एकटी उरली. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पायांकडे बोट दाखवलं. बूट काढ.

"मी? माझं वय बघ. माझी पाठ दुखते," मी म्हणाले.

"अध्यक्षांचीही दुखत होती," ती म्हणाली.

मी बूट काढले. मोजे काढले. गादीवर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. कोणी काही शिंपडलं नाही. मुलगी समोर उभी राहिली, हसू दाबत. बाईने शिट्टी वाजवली आणि मला काही कळायच्या आत मी उताणी पडलेली होते. वर शाळेच्या जिमचं छत, त्यात अडकलेला एक जुना बॉल. पाठ खरंच दुखली.

"नोख माल, मामा," मुलगी म्हणाली. पुन्हा एकदा.

मी उठले. राग जराही कमी झाला नव्हता. त्या मधल्या गटांचा, त्या आडव्या पडलेल्या मॉपचा, मारुतीच्या नावाने बंद केलेल्या त्या दाराचा. तेवढा सगळा घेऊन मी खाली वाकले. डोकं आत, डावा गुडघा पुढे, खिडकीतून हजारदा पाहिला होता तसा एकेरी पट. गाद्या सरकल्या, गुडघा फरशीवर आपटला, आणि मुलीचा पाय माझ्या हातात आला. मी तो सोडला नाही.